खोरीपाड्याची गिधाडं कशी मोजायची?

नाशिकहून गिरणारे मागे टाकून हरसूलकडे निघालं की वाघेऱ्याचा घाट लागतो. पलीकडे दमणगंगेच्या खोऱ्यातला डोंगराळ, धो धो पावसाचा मुलूख. भाताची खाचरं, उतारावर नागली-वरई, दारात चार-दोन गुरं आणि पाड्यापाड्यांत विखुरलेली कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती. याच हरसूल वनपरिक्षेत्रातल्या खोरीपाड्याचं नाव पक्षी अभ्यासकांच्या तोंडी आलं ते गिधाडांमुळे. मेलेलं ढोर ओढ्याकाठी किंवा माळावर कुठेही न टाकता एका ठरलेल्या जागी आणायचं, त्याला घातक औषध टोचलेलं नव्हतं याची खातरजमा करायची आणि गिधाडांना ते निर्धास्त खाऊ द्यायचं, असा उपक्रम वनविभागाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे सुरू केला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गिधाडांचं उपाहारगृह’ म्हटलं आणि तेच नाव रुळलं.

अशा जागेची बातमी होते, फोटो छापून येतात. त्यानंतरचे प्रश्न मात्र अवघड असतात. इथे येणारी गिधाडं नेमकी किती? ती वाढतायत की नुसती दुरून गोळा होतायत? आणि या थोडक्या पक्ष्यांवर जात तगेल का?

हाताच्या बोटांवर किंवा फार तर काही शेकड्यांत मोजता येतील इतकेच प्राणी उरले की त्यांची देखरेख वेगळ्या पद्धतीने करावी लागते. ही पद्धत फार बारकाईने घडली ती गेंड्यांच्या बाबतीत. गेंडा महाराष्ट्राला अगदीच परका नाही. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली जी उत्तर हडप्पाकालीन ब्राँझची शिल्पं सापडली, त्यांत बैलांचा रथ, हत्ती आणि रेडा यांच्या जोडीला एक गेंडाही आहे. आज तो रानात पाहायचा तर आसाम, पश्चिम बंगाल नाहीतर उत्तर प्रदेशातलं दुधवा गाठावं लागतं. पण गेंड्यांनी शिकवलेले धडे हरसूलच्या गिधाडांनाही लागू पडतात.

पहिला धडा व्हिएतनामचा. तिथल्या कॅट टिएन राष्ट्रीय उद्यानात जावा गेंड्याची एक छोटी टोळी उरली आहे, असा समज होता. २००९-१० मध्ये प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने जंगलातलं शेण गोळा करण्यात आलं आणि त्याची जनुकीय तपासणी झाली. सगळे नमुने एकाच प्राण्याचे निघाले. एप्रिल २०१० मध्ये त्या एकुलत्या गेंड्याचा सांगाडा सापडला. पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेलं होतं. जंगलात पावलांचे ठसे दिसत होते, शेण दिसत होतं, म्हणून गेंडे ‘आहेत’ असं सगळे धरून चालले होते. किती आहेत हे कुणी वेळेत विचारलं नाही.

गिधाडांच्या बाबतीत नेमकं उलट घडलं, आणि म्हणूनच ती आज थोडीफार तरी उरली आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी उत्तर आणि मध्य भारतात ठरावीक रस्त्यांवरून गाडीने फिरून शिकारी पक्ष्यांची मोजदाद केली होती. तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची काळजी करावी असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पुढे भरतपूरला मान टाकून बसलेली, झाडावरून कोसळणारी गिधाडं दिसू लागली, तेव्हा तेच रस्ते पुन्हा पालथे घालण्यात आले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली होती. लांब चोचीची जवळपास ९७ टक्के. जुनी नोंदवही नसती तर ‘पूर्वी जास्त दिसायची बुवा’ यापलीकडे कुणाला काही सांगता आलं नसतं.

कारण सापडायला २००३-०४ साल उजाडलं. पाकिस्तानात काम करणारे अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या पथकाने मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली. काळीज, यकृत, मूत्रपिंड यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. ते युरिक आम्लाचे स्फटिक होते. मूत्रपिंड बंद पडल्यामुळे ते शरीरातून बाहेर पडू शकले नव्हते. हे घडवणारं औषध म्हणजे डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला टोचायची स्वस्तातली वेदनाशामक सुई. सुई दिल्यावर जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं आणि उघड्यावर पडलं, तर ते खाणारी गिधाडं पुढच्या काही दिवसांत मरतात. शेतकऱ्याने जनावर वाचवायची धडपड केली, यात त्याचा काही दोष नव्हता.

या शोधानंतरचं गणित फार अस्वस्थ करणारं आहे. गिधाडांचा असा सर्वनाश व्हायला दर हजार मृत जनावरांत फार तर सात-आठ जनावरं विषारी असली तरी पुरतात, असं संशोधकांना आढळलं. एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरतात, म्हणून एक सुई अख्खा थवा संपवू शकते. त्यात गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. उंदीर-घुशींसारखी ही जात दोन हंगामांत सावरत नाही. मोठ्या पक्ष्यांचे मृत्यू थोडे जरी वाढले, तरी जन्माला येणारी पिल्लं ती तूट भरून काढू शकत नाहीत.

संख्या कमी झाली की आणखी एक संकट आतूनच उभं राहतं. सुमात्रा गेंड्यांत ते स्पष्ट दिसलं. जंगलात एकट्या पडलेल्या माद्यांना नर भेटलाच नाही, तर त्यांच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे नर मिळाला तरी पिल्लू होत नाही. दुधव्यात १९८४ साली आसामहून पाच गेंडे आणि पुढच्या वर्षी नेपाळहून चार माद्या आणल्या गेल्या. पण बांके नावाचा एकच नर वर्षानुवर्षं वरचढ राहिला आणि पहिल्या पिढीतली बहुतेक पिल्लं त्याचीच झाली. कळपाची संख्या वाढत होती, रक्त मात्र एकाच बापाचं पसरत होतं. शेवटी २०१८ मध्ये काही गेंडे वेगळे काढून दुधव्यातच दुसरा कळप वसवावा लागला. नुसत्या आकड्यावर विसंबलं तर अशी गोष्ट दिसतच नाही. कोणता प्राणी कुणाचा, हे ठाऊक असावं लागतं.

गिधाडांचं दुखणं त्यांच्या जेवणाच्या रीतीत आहे. गिधाड एकट्याने अन्न शोधत नाही. उंचावर घिरट्या घालताना ते जमिनीवर नजर ठेवतं, तसंच आजूबाजूच्या गिधाडांवरही ठेवतं. एकाने पंख आवळून खाली झेप घेतली की काही मैलांवरचं दुसरं तिकडे वळतं, त्याला पाहून तिसरं. अशी नजरेची साखळी आभाळभर असते. आभाळात शंभरऐवजी पाच गिधाडं उरली की साखळी तुटते. ढोर पलीकडच्या दरीत पडलेलं असूनही ती उपाशी राहतात आणि तोवर कुत्री ते संपवतात. ठरलेल्या जागी अन्न टाकण्यामागे, विष टाळण्याबरोबरच, हेही एक भक्कम कारण आहे. तुटलेल्या साखळीला एक माहितीचं ठिकाण मिळतं.

हरसूल परिसरात मुख्यतः दोन जातींशी गाठ असते. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडांवर काटक्यांचं घरटं बांधतं. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत राहतं. त्यासाठी अंजनेरीचे कडे नाशिककरांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की कपार वापरात आहे हे दुर्बिणीतून कळतं.

आता मोजायचं कसं? आफ्रिकेत काळ्या गेंड्याच्या कानाला ठरावीक जागी खाचा पाडतात. कोणत्या कानाला कुठे खाच, यावरून त्याचा क्रमांक ठरतो. रखवालदार रोज माग काढत फिरतो आणि अमुक क्रमांकाचा गेंडा अमुक ओढ्याजवळ दिसला अशी नोंद करतो. बऱ्याच दिवसांत एखादा दिसला नाही तर त्याच्या शोधाला माणसं निघतात. प्रत्येक प्राण्याचं चरित्र कागदावर असतं. मादी पहिल्यांदा कधी व्याली, दोन बाळंतपणांत अंतर किती, कोणता नर कुणाला हाकलतो, सगळं. संख्या एका ठिकाणी फार दाटली तर काही गेंडे उचलून नव्या जंगलात सोडायचे, हा निर्णय त्या नोंदींवरून होतो.

गिधाडाला बाहेर आलेला कान नाही आणि खाच पाडायला ते हातीही लागत नाही. त्यामुळे इथे युक्त्या वेगळ्या. ढोर टाकल्यावर आधी कावळे आणि घारी येतात. गिधाडं आसपासच्या झाडांवर बराच वेळ नुसती बसून राहतात. धोका नाही अशी खात्री पटली की एक उतरतं, आणि मग आभाळातून भराभर इतर येतात. उघड्या मानेमुळे डोकं खोल खुपसता येतं, रक्त पिसांना चिकटत नाही. पंखांची झटापट, फुत्कार, एकमेकांच्या पाठीवर उड्या आणि तासाभरात सांगाडा. इतक्या गोंधळात बेरीज करत बसलं तर एकच पक्षी तीनदा मोजला जाणार. म्हणून नोंद करायची ती एकाच वेळी नजरेसमोर असलेल्या सर्वाधिक पक्ष्यांची. सोमवारी तीस आणि गुरुवारी चाळीस दिसले तर ते सत्तर होत नाहीत. किमान चाळीस आहेत, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

ती चाळीसही इथलीच आहेत असं समजायचं कारण नाही. गिधाडं अन्नाच्या शोधात एका दिवसात सहज शंभर किलोमीटरचा पल्ला मारतात. डांगातली, जव्हार-मोखाड्याकडची गिधाडं खोरीपाड्याला जेवून परत जाऊ शकतात. उपाहारगृहावरची गर्दी वाढली म्हणजे जात वाढली, हा निष्कर्ष उत्साहाच्या भरात फार लवकर काढला जातो. तो टाळायलाच हवा.

खरं उत्तर घरट्यांत असतं. पावसाळा संपला की जोड्या घरट्यांची डागडुजी करू लागतात. हिवाळ्याच्या तोंडाशी अंडं, जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लू आणि उन्हाळा चढेपर्यंत ते पिल्लू उडायला लागलेलं असतं. म्हणजे एकाच घरट्याला हंगामात निदान तीनदा भेट द्यायची, तीही लांबून. एकदा जोडी बसलीय का ते पाहायला, एकदा पिल्लू आहे का ते पाहायला आणि शेवटी ते उडालं का ते पाहायला. दहा घरट्यांतून किती पिल्लं आभाळात गेली, हा आकडा उपाहारगृहावरच्या गर्दीपेक्षा कितीतरी मोलाचा. जोडीला पिसांची नोंद. पांढऱ्या पाठीच्या जातीचं कोवळं गिधाड गडद तपकिरी, रेघारेघांचं असतं. पाठीवरचा पांढरा पट्टा वयात आल्यावर येतो. ढोरावर सगळीच पांढऱ्या पाठीची दिसू लागली आणि तपकिरी एकही नसेल, तर ती म्हाताऱ्यांची सभा आहे असं समजावं. काही वर्षांनी तिथे कुणी नसेल.

हे काम शहरातून वर्षातून एकदा येणाऱ्या अभ्यासकाच्या आवाक्यातलं नाही. गुरं चारायला रोज रानात जाणाऱ्या माणसाला कोणत्या झाडावर घरटं आहे, यंदा ते रिकामं का, हे न विचारता ठाऊक असतं. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला प्रेमसागर मेस्त्री यांच्या सीस्केप संस्थेने गावकऱ्यांच्याच बळावर घरटी राखली आणि कोकणात गिधाडं टिकून आहेत हे दाखवून दिलं. फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीतही असेच प्रयोग झाले. सगळीकडे एकच अनुभव आहे. घरट्याचं झाड ज्याच्या बांधावर उभं आहे, तो मनापासून बरोबर असेल तर काम होतं.

उपाहारगृहाची कल्पना मूळ दक्षिण आफ्रिकेतली, १९६० च्या दशकातली. नेपाळने तिला आपल्याकडच्या परिस्थितीत बसेल असं रूप दिलं. चितवनच्या जंगलालगत पिठौली गावात २००६ पासून शेतकऱ्यांच्या म्हाताऱ्या, भाकड गाई विकत घेऊन सांभाळल्या जातात. त्यांना घातक औषध दिलं जात नाही, त्या आपल्या मरणाने मरतात आणि मगच त्यांचा देह गिधाडांपुढे ठेवला जातो. असं ढोर सुरक्षित असल्याची हमी देता येते. आपल्याकडे जनावर मेल्यानंतर निरोप येतो. त्याला शेवटच्या आठवड्यात कुणी काय टोचलं, याचं खरं उत्तर मिळवावं लागतं. शंका आली तर ते ढोर पुरून टाकणं बरं. ठरलेल्या जागी विषारी ढोर पडलं तर नुकसानही एकगठ्ठा होतं, कारण गिधाडांना तिथे आपणच जमवलेलं असतं.

खोरीपाड्यातला सगळा पाडा दक्ष राहिला तरी तेवढ्याने भागत नाही, ते गिधाडांच्या लांब पल्ल्यामुळे. गिधाडांसाठी ‘सुरक्षित क्षेत्र’ आखताना वसाहतीभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात. हरसूल मध्याशी ठेवून कंपास फिरवला तर ते वर्तुळ पश्चिमेला डहाणू आणि दमणच्या समुद्रापर्यंत जातं. उत्तरेला वलसाड, सापुतारा आणि डांगचा मोठा भाग त्यात येतो, पूर्वेला सिन्नर-कळवण, दक्षिणेला शहापूर. एकूण क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे जवळजवळ दोन नाशिक जिल्हे. त्यात दोन राज्यं, एक केंद्रशासित प्रदेश आणि गुरांची औषधं विकणारी असंख्य दुकानं. हरसूलच्या गिधाडाचा जीव वापीच्या किंवा दिंडोरीच्या औषधाच्या काउंटरवर अडकलेला असू शकतो.

कायद्याने बराच पल्ला गाठला आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचलं जाऊ लागलं, तेव्हा २०१५ मध्ये तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीची सक्ती झाली. एसिक्लोफेनॅक शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं, हे सिद्ध झाल्यावर २०२३ मध्ये जनावरांसाठी त्या दोन्हींवर बंदी आली. त्यानंतर निमेसुलाईडवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गुरांच्या दुखण्यावर चांगलं चालतं. म्हणजे शेतकऱ्याला काही सोडावं लागत नाही, फक्त दुसरी बाटली मागावी लागते. बंदी पाळली जाते का, हे तपासायला अभ्यासक साधे गिऱ्हाईक बनून दुकानात जातात आणि ‘गाय लंगडतेय, काहीतरी द्या’ म्हणून पाहतात. दुकानदार कोणती बाटली पुढे करतो, त्याची नोंद ठेवतात. घरटी मोजण्याइतकीच ही मोजणी महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही.

माणसाने यात का पडावं, याचं उत्तर नाशिकला परकं नाही. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूचं देऊळ आहे. सीतेसाठी लढून तो तिथेच पडला अशी लोकांची श्रद्धा आहे. पण श्रद्धा बाजूला ठेवली तरी हिशोब उरतोच. गिधाडं संपली तशी मृत गुरांवर भटकी कुत्री पोसली, रेबीजचा धोका वाढला, सडकं पाणी ओढ्यांत उतरलं. आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाची शतकांची अंत्यसंस्काराची रीत गिधाडांवाचून अडून बसली.

पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं रानात सोडण्याचं काम आता महाराष्ट्रातही सुरू झालं आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबात आणि दहा लांब चोचीची पेंचमध्ये आणली गेली. रानात सोडण्याआधी त्यांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवण्यात आली. ताडोबातलं एक गिधाड राज्यांमागून राज्यं ओलांडत थेट तमिळनाडूत पोचलं आणि तिथे विजेचा धक्का बसून मेलं. त्याच्या मरणाचं कारण कळलं ते यंत्रामुळे. हरसूलच्या रानातलं एखादं गिधाड उद्या असंच कुठे दूर मेलं, तर तो पक्षी फक्त यायचा बंद होईल.

म्हणून इथल्या कामाची यादी आधी कागदावर यायला हवी. परिसरातल्या घरट्यांच्या प्रत्येक झाडाला क्रमांक, हंगामात तीन भेटी, ढोर टाकलेल्या प्रत्येक दिवशी सर्वाधिक संख्या आणि त्यातली कोवळी किती, याची नोंद. विजेच्या तारा घरट्यांजवळून जात असतील तर त्यांवर आवरण. संक्रांतीच्या सुमारास घरट्यांत अंडी-पिल्लं असतात, तेव्हा मांजा त्या रानात न येण्याची खबरदारी. आणि हरसूल, पेठ, त्र्यंबक, कपराडा या बाजारगावांतल्या औषधांच्या दुकानांची वर्षातून निदान एकदा तपासणी, सीमेच्या दोन्ही अंगांना. नेपाळमध्ये दुकानांतून डायक्लोफेनॅक खरोखरच हद्दपार झालं, तेव्हा काही वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घसरण थांबली आणि संख्या वर चढू लागली. ते तिथल्या अभ्यासकांना ठामपणे सांगता आलं, कारण एकाच रस्त्यावरून, एकाच पद्धतीने, दरवर्षी मोजणारी माणसं त्यांच्याकडे होती.